'घाटी' : एका शब्दाचा चढउतार

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी चिटणीस-बंधूंची सूचना आली, तेव्हा जुन्या घराण्यांची माहिती लिहावी असा आमचा बेत होता. परंतु मध्यंतरी घरातच एक लहानसा प्रसंग घडला आणि विषय बदलला. आमची दहा वर्षांची नात शाळेतून आली आणि मैत्रिणीच्या नव्या कपड्यांविषयी आईस सांगू लागली, "अगदी घाटी दिसत होती गं ती!" स्वयंपाकघरात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. जिच्या पणजोबांनी दाणाबंदरात तीस वर्षे धान्याची पोती वाहिली, तिच्या तोंडी हा शब्द, आणि तोही दुसरीला हिणवण्यासाठी! हा शब्द आला कोठून व त्याला ही कळा आली कशी, हे एकदा नीट मांडावे असे तेव्हाच मनाने घेतले.

व्युत्पत्ती सोपी आहे. संस्कृत 'घट्ट' या शब्दापासून 'घाट' झाला. घट्ट म्हणजे नदीकाठी पाण्यात उतरण्याची जागा. काशीचे घाट, नाशिकचे घाट, पंढरपूरचे घाट हे सारे त्याच कुळातले. नदीत उतरण्याच्या वाटेला जे नाव, तेच डोंगर उतरण्याच्या वाटेलाही मिळाले. म्हणजे घाट हा मुळात डोंगर नव्हे, डोंगरातली वाट. युरोपीय लोकांनी मात्र वाटेचे नाव उचलून सबंध डोंगरास दिले, आणि आपला सह्याद्री त्यांच्या नकाशांत 'वेस्टर्न घाट्स' झाला. २०१२ साली युनेस्कोने याच पर्वतराजीची नोंद जागतिक वारसा म्हणून केली, तीही पश्चिम घाट या नावानेच. घाटाला जगाने एवढा मान दिला. घाटावरच्या माणसाच्या वाट्याला मात्र वेगळेच काही आले. (गळ्यातील कंठमण्यासही घाटी म्हणतात आणि मुलाचा आवाज फुटू लागला की घाटी फुटली असे म्हणतात. त्या घाटीशी आपला काही संबंध नाही.)

या वाटांचे वय लहान नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात. पुढे बोरघाट, थळघाट, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा किती तरी वाटांनी वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व भात वर नेत आणि धान्य व गूळ खाली आणीत. कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने वरून उतरून येणारा प्रत्येक माणूस घाटावरचा, 'वरघाटी' किंवा नुसता 'घाटी'. यात निंदा नव्हती. आपण कोणास नगरचा म्हणतो, कोणास वऱ्हाडचा म्हणतो, तसेच ते.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. देशावर राहणारा माणूस स्वतःला कधीच घाटी म्हणत नाही. पाटण, जावळी, आंबेगाव किंवा जुन्नर या तालुक्यांत गेलात तर 'आम्ही मावळातले', 'आम्ही खोऱ्यातले' असे ऐकू येईल; 'आम्ही घाटी' असे कोणी सांगणार नाही. हा शब्द खाली उभे राहून वर पाहणाऱ्याचा आहे. माणूस गावी असेपर्यंत घाटी नसतो. घाट उतरल्यावर तो घाटी होतो. आमच्या मते या शब्दाचे सारे मर्म या एकाच गोष्टीत आहे.

मुंबईने त्या नावाला निराळा रंग दिला. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून आगगाडी धावू लागली. बोरघाटाचे पंचवीस बोगदे हजारो मजुरांनी सुरुंग लावून व घण घालून फोडले, आणि त्यांत पटकी व अपघात यांनी किती तरी जीव गेले. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला, आणि आधीच खुली झालेली ती वाट उपाशी माणसांनी भरून गेली. कोकणचा माणूस बोटीने आला, आपला माणूस घाट उतरून आला. दोघेही लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत दहा-पंधरा असे राहिले, खानावळीत जेवले, साच्यावर उभे राहिले. परंतु गोदीतील ओझी, दाणाबंदरातील पोती, साहेबाच्या व शेठजींच्या घरची धुणीभांडी या कामांवर घाटावरचा माणूस इतका दिसू लागला की नाव आणि काम यांची गाठ पडली. घरगड्याला मूळ नाव काहीही असो, 'रामा' म्हणत. तसेच ओझे वाहणारा तो 'घाटी'. प्रदेश मागे राहिला, हमाली तेवढी उरली. हमाली करणाऱ्याचे कपडे मळके, बोलणे रांगडे. म्हणून मळके व रांगडे ते घाटी. आमच्या नातीपर्यंत शब्द पोहोचला तो या पायऱ्यांनी.

याच माणसांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, एवढेच मागणे होते. सुटी मिळाली ती १८९० साली. ओझे वाहणाऱ्यांना कायद्याचा आधार मिळण्यास आणखी बराच काळ लागला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. आमच्या वडिलांच्या खिशात पहिल्यांदा बिल्ला आला तो त्यानंतरच. तो बिल्ला ते देव्हाऱ्याजवळ ठेवीत.

आम्ही स्वतः मुंबईस आलो १९७२ च्या दुष्काळात, सातवीत असताना. पहिल्याच दिवशी वर्गात गुरुजींनी वाचावयास सांगितले. आम्ही उभे राहून 'पाणी' ऐवजी 'पानी' वाचले. गुरुजी म्हणाले, "घाटावरनं आलायस काय रे?" आणि वर्ग हसला. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हते, असे आज वाटते. त्या वेळी मात्र 'ण' चा उच्चार जमेपर्यंत आम्ही वर्गात तोंड उघडले नाही. त्यास तीन महिने लागले. पुढे अडतीस वर्षे शिक्षकी केली, पण उच्चारावरून मुलाला त्याचे गाव कधी विचारले नाही.

मात्र केवळ दुसऱ्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. आपल्याही चाळींत कोकणातील शेजाऱ्यांच्या चिकटपणाच्या व भांडखोरपणाच्या गोष्टी चवीने सांगत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांनी नाकारू नये. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा दोघांच्याही चुली एकदमच थंडावल्या. गोव्यात तर 'घांटी' हा शब्द आता घाट उतरून येणाऱ्या कोणत्याही परक्या मजुरास लावतात, मग तो कर्नाटकातला असो की आणखी दूरचा. जो नंतर आला आणि गरीब आहे, त्याच्यामागे शब्द जाऊन उभा राहतो.

उलट छत्रपती संभाजीनगरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास सारे गाव 'घाटी' म्हणते. "त्याला घाटीत नेला" म्हणताना तेथे कोणाचा अपमान होत नाही. वडापावावरची लसणीची सुकी चटणी 'घाटी मसाला' म्हणून पुड्यांत विकली जाते, आणि नाक मुरडणारेही ती मागून घेतात. शब्द तोच, कोण कोणास म्हणतो यावर सारे अवलंबून.

आपल्या काही तरुण सभासदांनी या वर्षीच्या स्नेहसंमेलनात 'आम्ही घाटी' असा फलक लावण्याची सूचना मांडली होती. काही वडीलधाऱ्यांनी ती हाणून पाडली. आमचे मत विचाराल तर तरुणांचा आवेश आम्हांस आवडला, परंतु जो शब्द आपल्या आजोबांनी स्वतःसाठी कधी वापरला नाही, तो त्यांच्या तसबिरीखाली लावणे आम्हांस पटले नाही. तरुण बंधूंनी राग मानू नये.

नातीस आम्ही रागावलो नाही. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना तिला खिडकीशी बसविले आणि कर्जत सुटल्यावर बोगदे मोजावयास सांगितले. मोजता मोजता तिने विचारले, "आजोबा, मग आपणपण घाटी का?" आम्ही म्हटले, "खाली असलो की." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, कारण आकडा चुकला होता.

ज्या कुटुंबांत गिरणीची तिकिटे, माथाडीचे बिल्ले, खानावळीच्या वह्या किंवा गावाकडून आलेली त्या काळची पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता कार्यालयात आणून दाखवावीत, ही विनंती. नकला करून मूळ कागद परत देऊ.