एबीएस, ईएससी आणि ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे काय? नवी कार सुरक्षित आणि कमी इंधनात कशी चालवायची?

नवी कार घरी आली की पहिल्या दिवशी आपण काय करतो? पेढे वाटतो, मोबाईल ब्लूटूथला जोडतो, सनरूफ उघडून एक फोटो काढतो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं एक बटण असतं, त्याकडे मात्र कोणी बघत नाही.

मग पहिला पावसाळा येतो. घाटात समोरची गाडी अचानक थांबते, आपण जोरात ब्रेक दाबतो. पेडल पायाखाली थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो, मीटरवर पिवळा दिवा लुकलुकतो. काहीतरी मोडलं असं वाटून पाय आपोआप वर येतो. खरं तर त्या क्षणी गाडी तुम्हाला वाचवत असते आणि पाय उचलून आपणच तिचं काम थांबवतो. म्हणून ही फीचर्स काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे गरज पडायच्या आधीच समजून घेऊया.

सगळा खेळ टायरच्या पकडीचा

कारचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्याच जागेत टेकलेला असतो. ब्रेक, वळण, पिकअप या तिन्ही गोष्टी त्या चार छोट्या जागांमधून होतात. एबीएस, ईएससी आणि ट्रॅक्शन कंट्रोल ही तिन्ही फीचर्स असलेली पकड नीट वापरतात. नवीन पकड तयार करत नाहीत. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

एबीएस: चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचं थांबलं, तर टायर नुसता घसरत जातो. घसरणाऱ्या पुढच्या चाकांना वळवता येत नाही. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी सरळच जाते. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग सेन्सरने मोजतं. चाक लॉक व्हायला लागलं की त्या चाकाचा ब्रेक सैल करतं, पुन्हा दाबतं. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळापर्यंत होऊ शकतं, म्हणून पेडल थरथरतं.

तुम्ही काय करायचं? ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरायचा आणि मोकळ्या जागेकडे स्टीअरिंग वळवायचं. जुन्या गाड्यांवर शिकलेले काका-मामा सांगतात की ब्रेक पंप करायचा. त्यांच्या गाडीसाठी ते बरोबर होतं. एबीएस असलेल्या गाडीत पंप केलात तर उलट अंतर वाढतं.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे. त्याच्या जोडीला असणारं ईबीडी पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वजनानुसार वाटून देतं.

ईएससी: गाडी फिरू नये म्हणून

हेच फीचर वेगवेगळ्या कंपन्या ईएसपी, व्हीएससी किंवा व्हीएसए या नावांनी देतात. काम एकच. स्टीअरिंगचा सेन्सर सांगतो की तुम्हाला कुठे जायचंय. दुसरे सेन्सर सांगतात की गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे. या दोन्हींत फरक पडला की ईएससी मध्ये पडतं.

- गाडी वळणात पुरेशी वळत नसेल आणि बाहेरच्या बाजूला सरकत असेल, तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो.
- गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जात असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो.
- गरज असेल तर इंजिनची ताकदही कमी केली जाते.

एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावणं माणसाला शक्यच नाही, कारण आपल्याकडे पेडल एकच असतं.

हे तंत्रज्ञान १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवावं तशी वळवताना नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ईएससी सरसकट द्यायला सुरुवात केली. भारतात २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झालं. त्यात तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर गाडीत ईएससी लागतं. तरीही बुकिंगआधी तुमच्या व्हेरियंटच्या यादीत ते आहे का, हे स्वतः बघा. टचस्क्रीन दोन इंचांनी लहान चालेल, ईएससी नसलेलं चालणार नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि हिल होल्ड

ओल्या रस्त्यावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतं. ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतं किंवा इंजिनची ताकद कमी करतं. हिल होल्ड चढावर ब्रेकवरून पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतं, म्हणजे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर न्यायला वेळ मिळतो. हा हँडब्रेकला पर्याय नाही. दोन सेकंद संपले की गाडी मागे येणारच.

मीटरवरचे दिवे कसे वाचायचे?

- घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतोय: यंत्रणा काम करतेय, म्हणजे रस्ता निसरडा आहे. वेग कमी करा.
- तोच दिवा सतत पेटलेला: यंत्रणेत बिघाड आहे. सर्व्हिस सेंटरला दाखवा.
- त्याच चित्रासोबत ‘ऑफ’ लिहिलेलं: कोणीतरी बटण दाबून ती बंद केली आहे.
- एबीएसचा दिवा सतत पेटलेला: साधा ब्रेक सहसा चालतो, पण चाक लॉक होऊ शकतं. हळू चालवा आणि तपासून घ्या.

हे बटण बंद कधी करायचं?

फक्त गाडी चिखलात किंवा वाळूत रुतल्यावर. तिथे बाहेर पडायला चाक थोडं फिरावं लागतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल ते फिरूच देत नाही. बाहेर निघालात की लगेच पुन्हा चालू करा. रीलसाठी ड्रिफ्ट मारायला ते बंद करणं म्हणजे हेल्मेट काढून स्टंट करण्यासारखं आहे.

ही फीचर्स काय करू शकत नाहीत?

आता जरा आकडे बघूया. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कोरड्या रस्त्याच्या साधारण निम्मी होते असं धरू, आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो असं धरू. मग गाडी थांबेपर्यंतचं अंतर असं येतं:

- ताशी ६० किमी: कोरड्यात सुमारे ३५ मीटर, ओल्यात सुमारे ५२ मीटर
- ताशी ८० किमी: कोरड्यात सुमारे ५३ मीटर, ओल्यात सुमारे ८५ मीटर

वेग फक्त २० ने वाढला, पण ओल्या रस्त्यावर अंतर तब्बल ३३ मीटरने वाढलं. हे एबीएस धरूनच आहे.

वळणाचंही तसंच. ३० मीटर त्रिज्येच्या घाटवळणावर कोरड्या रस्त्यात ताशी सुमारे ५५ किमीला पकड संपते, ओल्यात ताशी सुमारे ३९ किमीलाच. तुम्ही ५० ने आत शिरलात तर ईएससी गाडी गरगर फिरू देणार नाही, पण ती कठड्याकडे जाणं थांबवेलच असं नाही. खडीवर तर एबीएस असूनही थांबायचं अंतर वाढू शकतं. टायर गुळगुळीत झाले असतील तर साचलेल्या पाण्यावर गाडी अक्षरशः तरंगते. टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे. खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला की बदलायची वेळ झाली.

घाट उतरताना न्यूट्रल नको

‘न्यूट्रल मारली की पेट्रोल वाचतं’ हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक सल्ला. आजच्या फ्युएल इंजेक्शन इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर इंधन जवळपास बंदच करतो, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त.

शिवाय इंजिनचा ब्रेक मिळत नाही. सगळा भार ब्रेक पॅडवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक कमी लागतो. इंजिनच बंद केलंत तर स्टीअरिंग जड होतं आणि काही वेळा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. सोपा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा.

अ‍ॅव्हरेज वाढवायच्या सवयी

- पुढे बघून चालवा. लांबचा सिग्नल लाल दिसला तर आत्ताच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. प्रत्येक जोरदार ब्रेक म्हणजे जाळलेलं पेट्रोल उष्णतेत वाया. इलेक्ट्रिक गाडीत हीच सवय बॅटरी थोडी परत भरते.
- हायवेवर ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो.
- टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. हवा कमी असली तर अ‍ॅव्हरेजही घटतं आणि पकडही बिघडते.
- गरज नसताना छतावरचा कॅरिअर काढून ठेवा.
- लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

खरं अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी ऑटो-कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि नंतर त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. ३२० किमीला १८.५ लिटर लागलं तर अ‍ॅव्हरेज १७.३. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेला असतो, त्याच्याशी तुलना करून निराश होऊ नका.

पहिले १,००० किमी

नव्या इंजिनवर लगेच पूर्ण ताकद लावू नका आणि तासन्‌तास एकाच वेगाने चालवू नका. नवे टायर आणि ब्रेक पॅडही पहिले काहीशे किमी पूर्ण क्षमतेने काम करत नाहीत, त्यामुळे अंतर जास्त ठेवा. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ मोबाईलमध्ये घ्या आणि त्यात ‘ईएससी’ शोधून ती चार पानं वाचा.

शेवटी एक काम आजच करा. रिकाम्या, मोकळ्या मैदानात, मागे कोणी नाही हे बघून ताशी ३० ने जा आणि ब्रेक एकदम पूर्ण दाबा. सीटबेल्ट लावलेला हवाच. मैदान थोडं ओलं किंवा खडीचं असेल तर पेडलची थरथर लगेच जाणवेल. एकदा पायाला ती ओळखीची झाली की घाटात खरी वेळ आल्यावर पाय वर येणार नाही.