वसुली

बँकेत वीस वर्षं कारकुनी केली की माणसाला एकच भाषा नीट कळते, वसुलीची. त्यामुळे लग्नाच्या वाढदिवसाला सौ.ने पंचतारांकित हॉटेलातल्या ‘संडे ब्रंच’चा बेत जाहीर केला, तेव्हा माणशी दर ऐकून मी आधी मटकन खाली बसलो आणि मग आदल्या रात्री उपाशी झोपलो. निदान मुद्दल तरी सुटायला हवं!

उपाशीपोटी झोप येईना, म्हणून इतिहास काढून बसलो. ‘ब्रंच’ हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं छापून आणला. रविवारी उशिरा उठावं आणि न्याहारी नि जेवण एकदमच उरकावं, हा त्याचा सिद्धांत. मी कॉलेजात असताना हाच सिद्धांत मांडला, तर आईनं अंगावर तांब्याभर पाणी ओतलं होतं.

‘बुफे’ हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ, खाणं मांडून ठेवायचं टेबल. पण मनाला येईल ते वाढून घ्यायची खरी हौस स्वीडनची. तिथले पाहुणे जेवणाआधी उभ्याउभ्याच दारू, पाव, चीज आणि मासे चाखत. तेच टेबल वाढत वाढत ‘स्मॉर्गसबोर्ड’ झालं आणि १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन बसलं. पुढे लास व्हेगासच्या ‘एल रांचो व्हेगास’ हॉटेलानं एका डॉलरात हवं तेवढं खाऊ घालायला सुरुवात केली. ह्यात दानधर्म नव्हता. जुगारी जेवायला बाहेर गेला, तर परत येईलच ह्याची खात्री काय? जेवणात तोटा, जुगारात वसुली! बी.कॉम.ला आम्हांला हे कुणी शिकवलं नाही.

१९५८ साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलानं ही पद्धत उचलली आणि त्याच वर्षीच्या एका सिनेमावरून तिला ‘वायकिंग’ नाव दिलं. जपानी माणूस आजही बुफेला ‘बायकिंगु’ म्हणतो. वायकिंग म्हणजे समुद्रावरचे लुटारू. नाव किती चपखल आहे, हे मला दुसऱ्या दिवशी पटलं.

कारण तिथे मीच लुटारू झालो होतो. पहिल्याच फेरीत पाव, सूप आणि बटाट्यात फसलो. महागाचे पदार्थ पार टोकाला असतात, हे पोट भरल्यावर कळलं. तरी सुशी, पास्ता, थाई करी, हमस असे चार देश एका प्लेटमध्ये रचून परतलो, तर आई दहीभात कालवत बसलेली.

“अगं, पैसे भरलेत! परदेशातलं काहीतरी खा की.”

“परदेशातलं खाल्लंय रे मी. बहात्तरच्या दुष्काळात. अमेरिकेची मिलो.”

तेव्हा ती दहा वर्षांची होती. रेशनवर लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर सुकडी.

“तेव्हाही असंच भांडं घेऊन रांगेत उभं राहायचं,” ती म्हणाली. “फक्त पुढच्यानं जास्त घेतलं, तर मागच्याला उरायचं नाही. म्हणून अजून हात आवरतो.”

मी निमूटपणे चारही देश चाटूनपुसून संपवले. मुद्दल सुटलं की नाही, हा हिशेब घालायचा राहूनच गेला.

रात्री हिंगाष्टक आईनंच दिलं. दोन वेळा, आग्रह करून.