कुंदेवाडीचा पारा

निफाडात थंडी किती पडली, हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा सांगतो. २७ डिसेंबर २०१८ ला तो १.८ अंशांवर उतरला. पहाटे द्राक्षाच्या पानांवरच्या दवाचा बर्फ झाला होता. आमच्या मण्यांत नुकतं पाणी उतरत होतं. अशात हिव लागलं की मणी तडकतात, आणि सोसायटीचं कर्ज तर त्याच घडांवर काढलेलं.

१९४५ च्या जानेवारीत नाशिकचा पारा ०.६ वर गेला होता. त्या थंडीत हरभरा करपला, तेव्हा बांधावर शेकोट्या केल्या, असं आजोबा सांगत. दादांनी तेच ऐकलेलं. म्हणाले, "पोरा, पाचट पेटव, धूर होऊ दे." मी म्हटलं, "दादा, विहिरीचं पाणी कोमट असतं, ठिबक सोडतो." थ्री फेज नेमकी रात्रीचीच होती, एरवी तिला शिव्या देतो. शेवटी दोन्ही केलं.

बांधालगतच्या दोन ओळी तेवढ्या तडकल्या. तिथल्या ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, अन् शेकोटी त्यांच्याच शेजारी होती. दादांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत. पाचट मात्र अजून राखून ठेवतात.