कागदी फुलांचे कूळ

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशर परगण्यात बुलस्ट्रोड नावाचा एक ऐसपैस वाडा होता. १७७२ साली तिथे पाहुण्या असलेल्या मेरी डिलेनी या ७२ वर्षांच्या विधवा बाईंनी लाल कागदाला कात्री लावली. समोरच्या जिरेनियमचा रंग कागदाशी हुबेहूब जुळत होता. वाड्याची मालकीण खोलीत आली आणि कापलेल्या कागदालाच खऱ्या पाकळ्या समजली, असे सांगतात.

कात्रीकाम डिलेनीबाईंना नवे नव्हते. उमराव घरांतल्या मुलींना भरतकाम आणि कागदकाम शिकवत. बाई शिंपल्यांच्या सजावटीतही तरबेज होत्या. एरवी हा छंद दिवाणखान्यातच राहिला असता. त्याला वेगळे वळण लागले ते बुलस्ट्रोडमुळे.

वाड्याची मालकीण म्हणजे पोर्टलंडची डचेस मार्गारेट बेंटिंक. शंखशिंपले, किडे, पक्ष्यांची अंडी, देशोदेशीची रोपे असे काय काय तिने जमवले होते. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते थेट १९४५ साली. पण डचेसकडे पैसा होता आणि संग्रह होता, त्यामुळे विद्वानच तिच्या दारी येत. जॉन लाइटफूट हा वनस्पतीशास्त्रज्ञ तिचा घरचा धर्मगुरू. वनस्पतींच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य आणि कॅप्टन कुकचा सहप्रवासी डॅनियल सोलँडर तिच्या शिंपल्यांची वर्गवारी करी.

वर्गवारीची ही शिस्त डिलेनीबाईंच्या कात्रीत उतरली. लिनियसच्या पद्धतीत फुलाचा वर्ग ठरे पुंकेसरांवरून, म्हणून ते मोजणे आलेच. बाई ताजे फूल समोर ठेवीत आणि रंगीत कागदाचे तुकडे काळ्या कागदावर चिकटवीत. सावली हवी तिथे गडद तुकडा, उजेड हवा तिथे फिका. एकावर एक थर चढत जात. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका फुलाला असे २३० हून अधिक तुकडे लागले. केसासारखे तंतूही कागदाचेच. क्वचित एखादे खरे पानही त्यात चिकटवलेले सापडते. चित्रामागे रोपाचे नाव, तारीख, जागा आणि ते कोणी दिले याची नोंद असे. पुढे राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट क्यूच्या शाही बागेतून फुले पाठवू लागले. या चित्रांवरून रोपाचे शास्त्रीय वर्णन बिनधोक करता येईल, असा निर्वाळा वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने दिला होता.

बाईंना हजार चित्रे पुरी करायची होती. १७८२ मध्ये दृष्टीने दगा दिला, तेव्हा आकडा ९८५ वर होता. तीन वर्षांनी डचेस गेली. १७८६ साली तिच्या संग्रहाचा लिलाव ३८ दिवस चालला; चार हजारांवर लॉट विकले गेले आणि आयुष्यभराची जमवाजमव गिऱ्हाइकागणिक पांगली. डिलेनीबाईंची पाने मात्र कुटुंबातच राहिली आणि १८९७ साली ब्रिटिश म्युझियमला मिळाली. डचेसच्या बागेत त्या वर्षांत कधी काय फुलले होते, याच्या कितीतरी तारखा आज या कागदी फुलांच्या पाठीवर वाचायला मिळतात.