शनिवारवाड्याच्या पायाखाली

शनिवारवाड्याचा इतिहास आम्हाला कसा शिकवला गेला? १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. पाठ करा आणि पुढे चला. छोट्या कसब्याची राजधानी झाली, पेठेला पेठ लागली, कात्रजहून पाणी आलं, हे सगळं कौतुकाने सांगतात. दगड कुणी वाहिले, ते विचारायचं नाही.

आता दुसरा कागद वाचा. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती सांगते, मांग-महारांना हुसकावून वरच्या जातींनी टोलेजंग इमारती उठवल्या आणि त्यांच्या पायात आमचीच माणसं तेल-शेंदूर पाजून गाडली. मुक्ताने शनिवारवाड्याचं नाव घेतलेलं नाही. आपणही ते तिच्या तोंडी घालू नये. पण पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम ३७ वर्षं झाली होती. ते राज्य डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे तिच्या वस्तीत हयात असणारच. हिची साक्ष 'ऐकीव' म्हणून उडवणारे लोक 'काका मला वाचवा' मात्र पर्यटकांना रंगवून ऐकवतात! नारायणरावाचं भूत चालतं, मांगाचं चालत नाही.

याच वाढत्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलंय.

१८२८ च्या आगीत वाडा जळाला. उरले तट, दरवाजे आणि जोती. मित्रांनो, पुढच्या वेळी शनिवार पेठेत जाल तेव्हा त्या जोत्यांपाशी उभे राहून मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचा.