बाळंतपणाचा विमा आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीय माता



जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण करून. त्यामुळें त्या दास्यमुक्तीची वार्ता महाराष्ट्राला जुनीच आहे. परंतु मुक्त झालेल्या त्या लोकांच्या घरीं पुढें पाळणा हलूं लागला, तेव्हां बाळंतिणीच्या उशाशीं कोण होतें, डॉक्टरचे पैसे कोणीं भरले आणि ती माउली जगली कीं नाहीं, हें आपण क्वचितच विचारतों. आज तोच इतिहास थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इत्यादि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचीं बाळंतपणें बहुधा त्यांच्याच समाजांतील सुईणी करीत. १९२१ सालीं शेपर्ड-टाउनर कायद्यानें माता व अर्भकें यांच्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें प्रथमच राज्यांना पैसा दिला आणि सुईणींना कांहीं शिक्षण मिळूं लागलें. पण १९२९ सालीं हा निधि बंद पडला. १९४५ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं सर्व जनतेसाठीं आरोग्यविम्याची योजना मांडली. ती मंजूर झाली नाहीं. १९४६ सालीं हिल-बर्टन कायद्यानें रुग्णालयें बांधण्यास मदत दिली, पण त्याच कायद्यांत गोऱ्यांसाठीं व काळ्यांसाठीं निरनिराळीं रुग्णालयें ठेवण्याची मुभाही राहिली. सरकारच्या तिजोरींत कर सर्वांचा. दार मात्र सर्वांना उघडें नाहीं, असा हा न्याय होता.

हा न्याय मोडला तो एका दंतवैद्याच्या हातून. उत्तर कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो या शहरीं जॉर्ज सिम्किन्स यांनीं इतर कृष्णवर्णीय वैद्य व रोगी यांच्यासह दावा लावला आणि १९६३ सालीं अपील न्यायालयानें ती मुभा घटनाबाह्य ठरविली. पुढल्या वर्षीं नागरी हक्कांचा कायदा झाला. १९६६ सालीं वृद्धांच्या सरकारी विम्याचा पैसा वाटण्याची वेळ आली, तेव्हां भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला तो मिळणार नाहीं अशी अट सरकारनें घातली. जें उपदेशानें झालें नव्हतें, तें पैशाच्या अटीनें थोड्या महिन्यांत झालें. मिसिसिपींत न्यूमोनिया व अतिसार यांनीं दगावणारीं कृष्णवर्णीय अर्भकें रुग्णालयांत पोहोंचूं लागलीं आणि त्यांचे मृत्यू झपाट्यानें घटले.

याच सुमारास गरिबांसाठींही विमा निघाला. ३० जुलै १९६५ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यांतच मेडिकेड या योजनेचा जन्म झाला. मध्यवर्ती सरकार व राज्यें मिळून तिचा खर्च सोसतात. पण कोणाला तिचा लाभ द्यावयाचा, याच्या मर्यादा ठरविण्यांत राज्यांचा हात मोठा. आरंभीं हा विमा मुख्यतः सरकारी अनुदानावर जगणाऱ्या कुटुंबांना जोडलेला होता. नवरा कमावता असला कीं घर गरीब असूनही बहुधा तें बाहेर. आणि पहिलटकरणीला अनेक ठिकाणीं उत्तर मिळे कीं, मूल अजून जन्मलेंच नाहीं, तर तुमचें कुटुंब कोठें आहे? दक्षिणेंत उत्पन्नाची मर्यादा फारच खालीं ठेविलेली. आणि कृष्णवर्णीय वस्ती तेथेंच मोठी.

हीं बंधनें १९८४ पासून एकेक सैल झालीं. त्या सालीं अनेक गरीब गर्भवतींना, पहिलटकरणींसकट, विमा देणें राज्यांना भाग पडलें. १९८६ सालीं अनुदानाशीं असलेली गांठ सुटूं लागली. आणि १९८९ च्या कायद्यानें दारिद्र्यरेषेच्या शेंकडा १३३ पर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक गर्भवतीला विमा देणें सर्व राज्यांना बंधनकारक झालें. आज अमेरिकेंतील दर पांच बाळंतपणांपैकीं सुमारें दोहोंचा खर्च मेडिकेड उचलतें. कृष्णवर्णीय मातांत हें प्रमाण तिघींमागें जवळजवळ दोन आहे.

परंतु या विम्याला एक शेवटचा दिवस होता. बाळंतपणानंतर सुमारें साठ दिवस झाले कीं तो संपे. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मोजतात. तेथें सरकारनें दोन महिने मोजले. रोग मात्र पंचांग पाहून येत नाहीं. २०१७ ते २०१९ या काळांतील अशा मृत्यूंची ३६ राज्यांत छाननी झाली, तेव्हां निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यानंतर वर्षभरांत झालेले आढळले, आणि शेंकडा ३० तर सहा आठवडे उलटल्यानंतरचे. कृष्णवर्णीय स्त्रियांत हृदयविकार हें त्यांचें पहिलें कारण. यांतील शेंकडा ८० हून अधिक मृत्यू टाळतां आले असते. शेवटीं २०२१ च्या कायद्यानें हा विमा वर्षभर वाढविण्याची मुभा राज्यांना दिली, आणि बहुतेक सर्व राज्यांनीं ती घेतली.

मग प्रश्न मिटला काय? २०२३ सालीं अमेरिकेंत दर लाख जिवंत जन्मांमागें गोऱ्या माता १४.५ दगावल्या, तर कृष्णवर्णीय ५०.३. हें अंतर केवळ गरिबीचें नाहीं. सेरेना विल्यम्स या जगद्विख्यात टेनिसपटूला पैशाची वाण नव्हती; तरी २०१७ सालीं मुलीच्या जन्मानंतर श्वास कोंडूं लागला, तेव्हां फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या असाव्यात हें तिला आग्रहानें सांगावें लागलें. तपासणींत तिचें म्हणणें खरें ठरलें. जिचें नांव जगाला ठाऊक, तिला हा आग्रह धरावा लागतो. मग खेड्यांतील निनांवी बाळंतिणीचें कोण ऐकणार?

इतिहास शिकविणाऱ्याला कायद्यांचीं सालें पाठ असतात. पण कायदा होतो राजधानींत, आणि बाळंतपण होतें घरोघरीं. त्या दोहोंमधलें अंतर सालांच्या यादींत दिसत नाहीं. ग्रीन्सबरोच्या दाव्यानें रुग्णालयाचें दार उघडलें, विम्यानें आंत जाण्याचा खर्च दिला. आंत गेलेल्या मातेच्या शब्दावर विश्वास ठेवणें, हें तिसरें काम अजून पुरें व्हावयाचें आहे. पहिल्या दोन कामांना जशी कायद्याची व पैशाची सक्ति लागली, तशी या तिसऱ्यालाही लागेल, असें हा इतिहास सांगतो.