पति-पत्नींची एक शिळा

मृतांस मूठमाती देणें हें आपल्या पवित्र ख्रिस्तसभेनें देहासंबंधींच्या सात दयाकृत्यांपैकीं एक मानिलें आहे. त्याच कृत्याचा पुढील भाग म्हणजे कबरीवर शिळा बसविणें होय. आईबाप दोघेहि निवर्तले म्हणजे त्यांस एकच शिळा असावी काय, व तिच्यावर काय कोरावें, हा प्रश्न पुष्कळ घरीं उत्पन्न होतो. या महोत्सवाच्या निमित्तानें आपण पूर्वजांचें स्मरण करीत आहों. तेव्हां या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत पाहणें उचित होईल.

पति-पत्नींनीं एके ठिकाणीं विसावावें ही इच्छा फार प्राचीन आहे. सारेच्या मृत्यूनंतर अब्राहामानें ४०० शेकेल रुपें मोजून मकपेला येथील गुहा विकत घेतली, व पुढें त्यालाहि तिच्याजवळच पुरण्यांत आलें. वृद्ध तोबीतानें तर आपल्या पुत्रास निक्षून सांगितलें कीं, आईचा मान राख, आणि तिच्या मृत्यूनंतर तिला माझ्याच कबरींत माझ्याजवळ ठेव.

परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. संत मोनिका हिनें आफ्रिकेंत आपल्या पतीशेजारीं स्वतःची कबर सिद्ध करवून ठेविली होती. इ. स. ३८७ मध्यें इटलींतील ओस्तिया बंदरीं तिचा अंतकाळ आला, तेव्हां तिनें ती इच्छा सोडून दिली. देह कोठेंहि ठेवा, केवळ प्रभूच्या वेदीपाशीं माझें स्मरण करा, एवढेंच तिनें पुत्रांकडे मागितलें. या दोन कथांत विरोध नाहीं. एकत्र विसावण्याची इच्छा पवित्र आहे. मात्र आत्म्यास लाभ होतो तो प्रार्थनेचा, शिळेचा नव्हे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याचें उत्तम उदाहरण आहे. जुन्या गोव्यांत रोझरी मातेचें मंदिर आहे. १५४८ सालीं गोव्याचा गव्हर्नर झालेला गार्सिया द सा व त्याची पत्नी दोना कातारिना हीं दोघें तेथें विसावलीं आहेत. कातारिना साध्या कुळांतील होती, व तिचा विवाह मृत्युशय्येवर संत फ्रान्सिस झेवियर यांनीं लाविला, अशी परंपरा आहे. १५४९ सालीं गार्सियाहि निवर्तला. त्याची शिळा वेदीसमोर भूमीवर आहे. तिचें स्मारक भिंतींत असून त्यावर गुजराथी धर्तीची नाजूक नक्षी आहे. लेखांत ती कोणाची पत्नी एवढें सांगून, वाचणाऱ्यानें आपल्या आत्म्यासाठीं देवाची दया मागावी अशी विनंति केली आहे. गव्हर्नराच्या पत्नीचेंहि मागणें एवढेंच! वसईच्या किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न मंदिरांत व गोव्यांत जुन्या शिळा आहेत, त्यांतील कित्येकींवर पति, पत्नी व वारस यांचा एकत्र उल्लेख आढळतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यानेंहि हें नातें ओळखिलें. १९१७ च्या संहितेप्रमाणें दफनस्थान निवडण्याचा हक्क पत्नीस होता. तिनें निवड केली नसेल तरच तिला पतीच्या कबरींत ठेवावें असा नियम होता. १९८३ च्या संहितेनेंहि दफनभूमीची निवड ज्याच्या-त्याच्याकडे ठेविली आहे. म्हणून मुलांनीं प्रथम आईबापांची इच्छा विचारावी, आणि तीहि जिवंतपणीं.

शिळा निवडतांना दूरदृष्टि हवी. आपल्या मोताळ्याच्या उत्तरेस तापीकाठीं बऱ्हाणपूर येथें १६३१ सालीं मुमताजमहल निवर्तली व प्रथम तेथेंच पुरली गेली. पुढें आग्र्यास तिची कबर ताजमहालाच्या बरोबर मध्यभागीं बांधिली. १६६६ सालीं शहाजहान मरण पावला, तेव्हां त्याची कबर तिच्या बाजूस बसवावी लागली, आणि साऱ्या इमारतींत तेवढीच काय ती सममिति ढळली. बादशहाची ही गत, तर आपण पहिल्या नांवाशेजारीं दुसऱ्यासाठीं मोकळी जागा आधींच राखावी हें बरें. आपल्या भागांतील काळा पाषाण कठीण व टिकाऊ आहे. त्यावर क्रूस, दोन नांवें, जन्म-मृत्यूचीं वर्षें व प्रार्थनेची विनंति एवढें पुरें. संगमरवरासाठीं कर्ज काढण्यापेक्षां तो पैसा दोघांच्या नांवें मिस्साबलिदानाकडे लावावा.

कोणी म्हणेल, विवाहाचें बंधन मृत्यूनें सुटतें, मग शिळा एक कशास? बंधन सुटतें हें खरें. प्रीति व पुनरुत्थानाची आशा राहते. ज्यांनीं एका वेदीपुढें वचन दिलें, एका चुलीवर संसार केला, त्यांच्यासाठीं २ नोव्हेंबरला मुलें-नातवंडें एकाच जागीं गुडघे टेकून एकच प्रार्थना करतील. प्रभु त्या दोघांस शाश्वत विसावा देवो.